मुंबई–न्यूयॉर्क : अंतर एक, वेळा अनेक

मागच्या हिवाळ्यातील गोष्ट. आमच्या गल्लीतला एक दादा नोकरीसाठी अमेरिकेला निघाला. बाळापूरच्या आमच्या गल्लीतून परदेशी जाणारा तो पहिलाच. त्यामुळे त्याचे तिकीट साऱ्या गल्लीने हाताळून पाहिले. मुंबईहून सुटण्याची वेळ रात्री दोन आणि न्यूयॉर्कला पोचण्याची वेळ त्याच दिवशी सकाळी सात, असे त्यावर छापले होते. दादाच्या आईने, म्हणजे आमच्या काकूंनी, तो कागद माझ्या हाती दिला. "तू कालिजात जातीस बाई, वाच बरं. किती घंटे लागतेत?" मी सातातून दोन वजा केले आणि "पाच घंटे" असे सांगून मोकळी झाले. "म्हंजी ममईपरीस जवळच हाय की!" असे म्हणून काकूंनी सुटकेचा श्वास टाकला.

दोन महिन्यांनी एके दिवशी पहाटे पाच वाजता दादाचे वडील वारले. फोन गेला. जमलेल्या माणसांना काकू रडत रडत एकच सांगत होत्या, "पाच घंट्याचा रस्ता हाय. लेकरू दुपारपस्तोर येतंय. तवर कुणी हात लावू नका." माणसे थांबली. पाहुण्यांनी घड्याळे पाहिली. अकरा वाजले, बारा वाजले. मी भिंतीला टेकून उभी होते, आणि माझी वजाबाकी चुकली आहे एवढेच मला कळत होते; ती कुठे चुकली ते मात्र सांगता येत नव्हते. शेवटी दिवस मावळायच्या आत पुतण्याने अग्नी दिला. दादा आला तो तिसऱ्या दिवशी, सावडायला.

काकूंनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. पण त्या दिवसापासून हा प्रश्न माझ्या मागे लागला. भूगोलाच्या सरांना विचारले, ग्रंथालयातील पुस्तके चाळली, प्रयोगशाळेतला पृथ्वीगोल काढून घेतला. त्यातून जे समजले ते प्रस्तुत लेखात मांडत आहे. दोन विमानतळांमधले अंतर ठरलेले असते. 'वेळ' हा शब्द मात्र आपण चार निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरतो, आणि घोटाळा तिथेच होतो, हे या लेखाचे सार आहे.

दोरा आणि पृथ्वीगोल

प्रथम अंतर पाहू. वर्गातल्या भिंतीवर जगाचा जो नकाशा टांगलेला असतो, त्यावर मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यावर पट्टी ठेवली तर रेघ सौदी अरेबिया, इजिप्त, लिबिया, अल्जेरिया, मोरोक्को यांवरून जाऊन अटलांटिक महासागर ओलांडते. कोणालाही वाटेल की विमानाचा हाच सरळ रस्ता. परंतु पृथ्वी गोल आहे आणि नकाशा सपाट. संत्र्याची साल काढून टेबलावर सपाट करायला गेलो तर ती फाटते किंवा ताणावी लागते. नकाशाही असाच ताणलेला असतो, आणि जसजसे उत्तरेला जावे तसतसा अधिक ताणलेला असतो. म्हणून नकाशावर जी रेघ सरळ दिसते ती गोलावर सर्वांत जवळची असेलच असे नाही.

खात्री करण्यासाठी मी एक साधा प्रयोग केला. आपणही करू शकता. तीस सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलाचा घेर सुमारे ९४ सेंटीमीटर भरतो. खऱ्या पृथ्वीचा घेर सुमारे ४०,००० किलोमीटर. म्हणजे गोलावरचा एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरचे अंदाजे ४२५ किलोमीटर. आता एक दोरा घेऊन त्याचे एक टोक मुंबईवर आणि दुसरे न्यूयॉर्कवर धरले आणि दोरा ताणला. ताणताच तो आपोआप उत्तरेकडे सरकला! दोरा पाकिस्तान, अफगाणिस्तान ओलांडून कॅस्पियन समुद्राच्या उत्तर टोकाशी गेला, मॉस्कोजवळून स्वीडनवर, तिथून आइसलँडवर, पुढे ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाला स्पर्शून कॅनडात उतरला आणि मग न्यूयॉर्कला पोचला. लांबी भरली साडेएकोणतीस सेंटीमीटर, म्हणजे सुमारे १२,५०० किलोमीटर. तोच दोरा नकाशातल्या सरळ रेघेप्रमाणे अरबस्तान, आफ्रिकेवरून नेला तर साडेतेहतीस सेंटीमीटर लागला. चार सेंटीमीटरचा फरक म्हणजे सुमारे १,७०० किलोमीटर! बाळापूरहून मुंबई रस्त्याने सहाशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेव्हा ज्याला आपण सरळ रस्ता समजत होतो तो मुंबईच्या जवळजवळ तीन खेपांइतका लांब पडतो.

ताणलेल्या दोऱ्याच्या या वाटेला भूगोलात बृहद्वृत्ताची वाट म्हणतात. पृथ्वीच्या केंद्रातून सुरी घालून तिचे बरोबर दोन तुकडे केले तर कापाच्या कडेला जे वर्तुळ दिसेल ते बृहद्वृत्त. विषुववृत्त हे त्याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण. कोणत्याही दोन ठिकाणांमधून असे वर्तुळ काढता येते, आणि त्या दोन ठिकाणांमधले सर्वांत कमी अंतर त्याच वर्तुळावर असते.

ज्यांना गणिताची आवड आहे त्यांच्यासाठी एक गोष्ट. पृथ्वीच्या केंद्राशी मुंबई आणि न्यूयॉर्क यांच्यामध्ये सुमारे ११२.७ अंशांचा कोन होतो. पृष्ठभागावरचा एक अंश म्हणजे सुमारे १११.२ किलोमीटर. गुणाकार केला की १२,५३० च्या आसपास आकडा येतो आणि दोऱ्याने सांगितले ते खरे ठरते. दर्यावर्दी आणि वैमानिक जो सागरी मैल वापरतात तोही यातूनच आला. एका अंशाचे साठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १.८५२ किलोमीटर. पृथ्वीवरची कोणतीही दोन ठिकाणे १८० अंशांपेक्षा, म्हणजे सुमारे २०,००० किलोमीटरपेक्षा अधिक दूर असूच शकत नाहीत. त्यापलीकडे गेलो की दुसऱ्या बाजूने जवळ येऊ लागतो. त्या हिशोबाने दादाने पृथ्वीवरच्या सर्वांत दूरच्या प्रवासापैकी निम्म्याहून बराच अधिक प्रवास एका दमात केला होता.

पृथ्वी फिरते, मग विमान थांबत का नाही ?

अंतर १२,५०० किलोमीटर. मोठे प्रवासी विमान ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने उडते. भागाकार केला तर १३ तास ५३ मिनिटे येतात. प्रत्यक्षात मात्र मुंबईहून न्यूयॉर्कला थेट विमानाने पंधरा-सोळा तास लागतात आणि परत येताना साधारण चौदा. रस्ता तोच, विमानही त्याच जातीचे; मग जाण्यायेण्यात हा फरक का ?

वर्गातल्या एका मैत्रिणीने लगेच उत्तर दिले, "पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना, म्हणून." तिचे म्हणणे असे की विमान नुसते वर जाऊन थांबले तरी काही तासांनी न्यूयॉर्क आपोआप खाली यायला हवे. ऐकायला हे पटते, पण खरे नाही. तसे असते तर जाताना वेळ कमी लागला असता, आणि लागतो तर जास्त! धावत्या एस.टी.त आपण जागच्या जागी उडी मारली तर मागच्या बाकावर जाऊन पडत नाही, कारण उडी मारतानाही गाडीचा वेग आपल्या अंगात असतो. त्याचप्रमाणे विमानतळ, विमान आणि भोवतालची हवा ही सगळी पृथ्वीबरोबरच फिरत असतात. नुसत्या फिरण्याचा प्रवाशाला ना फायदा ना तोटा.

फरक पडतो तो वाऱ्यामुळे. जमिनीपासून साधारण नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर, म्हणजे जिथून ही विमाने जातात तिथेच, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वाऱ्याचे पट्टे वाहतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात त्यांचा वेग ताशी दोनशे किलोमीटरच्याही वर जातो. जपानचे वासाबुरो ओइशी यांनी १९२० नंतरच्या दशकात फुगे सोडून हे वारे मोजले होते. पण त्यांनी आपले निष्कर्ष एस्परांतो या भाषेत छापले आणि जगाचे त्यांच्याकडे फारसे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात उंचावरून जाणाऱ्या विमानांना ते वारे लागले तेव्हा सर्वांना त्यांची जाणीव झाली.

वाऱ्याचा परिणाम समजायला सायकलीचे उदाहरण पुरे. समोरचा वारा असला की शाळेची वाट लांबते आणि पाठीचा वारा असला की पायडल न मारताही सायकल धावते. विमानाचा हवेतला वेग ताशी ९०० किलोमीटर धरा आणि सबंध वाटेवर सरासरी ७५ किलोमीटरचा वारा आहे असे समजा. जाताना वारा समोरून, म्हणून जमिनीवरून मोजलेला वेग ८२५. साडेबारा हजाराला लागतील १५ तास ९ मिनिटे. येताना वारा पाठीशी, वेग ९७५, आणि लागतील १२ तास ४९ मिनिटे. यात विमान धावपट्टीपर्यंत नेणे, चढणे, उतरणे आणि जागेवर आणून उभे करणे यांचा वेळ मिळवला की वर सांगितलेले आकडे जवळपास जुळतात.

या हिशोबात एक गंमत आहे. वारा नसता तर १३ तास ५३ मिनिटे लागली असती. समोरच्या वाऱ्याने ७६ मिनिटांचा तोटा झाला. पाठीच्या वाऱ्याने फायदा मात्र ६४ मिनिटांचाच. वारा तेवढाच असून तोटा जास्त, फायदा कमी. कारण उघड आहे. वारा अडवतो तेव्हा आपण त्याच्या तावडीत जास्त वेळ राहतो, आणि ढकलतो तेव्हा त्याची सोबत लवकर संपते. आयुष्यातही पुष्कळदा असेच होत असावे. असो.

वारा रोज सारखा नसतो, म्हणून विमानाची वाटही रोज सारखी नसते. उड्डाणापूर्वी वाऱ्याचा अंदाज पाहून ती आखली जाते. वैमानिकाला सर्वांत कमी अंतराची वाट हवी असते असे नाही. सर्वांत कमी वेळाची आणि इंधनाची हवी असते. शंभर-दोनशे किलोमीटरचा वळसा घेऊन समोरचा वारा टळत असेल तर तो वळसाच जवळचा ठरतो.

आकाशातले बंद रस्ते

वाऱ्याच्या जोडीला आणखी एक अडचण आहे, आणि ती माणसाने निर्माण केली आहे. आकाशात कुंपण दिसत नसले तरी प्रत्येक देशाचे आकाश त्याच्या मालकीचे असते, आणि परवानगीवाचून त्यातून जाता येत नाही. मुंबईहून निघालेला आपला दोरा गुजरात ओलांडताच पाकिस्तानात शिरतो. २०१९ साली फेब्रुवारीअखेरीपासून जुलैच्या मध्यापर्यंत पाकिस्तानने आपले आकाश बंद ठेवले होते. एप्रिल २०२५ मध्ये त्या देशाने पुन्हा भारतीय विमानांना मनाई केली. अशा वेळी विमानाला अरबी समुद्रावरून पश्चिमेकडे वळसा घ्यावा लागतो. पुढे रशिया. फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनचे युद्ध सुरू झाल्यावर युरोपातील अनेक देशांनी आणि अमेरिकेने रशियाच्या विमानांना आपले आकाश बंद केले. रशियानेही उलट तेच केले. भारतीय विमानांना मात्र रशियावरून जाता येत राहिले. म्हणजे त्याच दोन शहरांमधल्या प्रवासाला कोणत्या देशाचे विमान आहे यावरूनही वेळ वेगळा लागू शकतो.

म्हणून कुणी 'मुंबई-न्यूयॉर्क किती तास' असे विचारले तर एकच आकडा सांगणे धाडसाचे आहे. अंतर पृथ्वीने ठरवले आहे. वेळ वारा ठरवतो, ऋतू ठरवतो आणि कधी कधी शेजाऱ्यांची भांडणेही ठरवतात.

वाटेत उतरावे की न उतरावे ?

थेट विमान नसेल किंवा त्याचे भाडे परवडत नसेल तर माणसे वाटेत विमान बदलतात. मला वाटत होते की यामुळे अंतर फार वाढत असेल. हिशोब केला तर निराळेच निघाले. मुंबई ते लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर आणि लंडन ते न्यूयॉर्क सुमारे ५,५५०, बेरीज १२,७५०. थेट वाटेपेक्षा जेमतेम सव्वादोनशे किलोमीटर जास्त! दुबईमार्गे गेले तर सुमारे १,९३० अधिक ११,०२०, म्हणजे १२,९५०. वाढ चारशे किलोमीटरच्या आसपास. विमानाला हे अंतर म्हणजे अर्ध्या तासाचे काम.

तरीही असा प्रवास वीस-बावीस तासांचा, कधी त्याहूनही मोठा होतो, कारण वेळ जातो तो उडण्यात नव्हे, उतरण्यात आणि थांबण्यात. एक विमान पोचते सकाळी आणि दुसरे सुटते दुपारी. हिंगोलीहून परभणीला जाताना वसमतला गाडी बदलावी लागली तर काय होते, हे आपल्यापैकी रोज जाणाऱ्यांना सांगायला नकोच.

दोन महिन्यांवरून पंधरा तासांवर

ही वाट आजच्याइतकी सोपी पूर्वी नव्हती. न्यूयॉर्कला गेलेल्या मराठी माणसांत पहिल्या आठवणीचे नाव डॉ. आनंदीबाई जोशी यांचे. वैद्यकीय शिक्षणासाठी त्या एप्रिल १८८३ मध्ये कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. जवळजवळ दोन महिने लागले. तेव्हा त्यांचे वय अठरा, म्हणजे माझ्यापेक्षा एक वर्षाने कमी. घरी काही बरेवाईट झाले तर परत येण्याचा विचारच त्या काळी शक्य नव्हता.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे पंख्यांच्या चार इंजिनांचे विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. भारतीय कंपनीची युरोपला जाणारी ती पहिली नियमित सेवा. त्या विमानांना इतका लांबचा पल्ला एका दमात गाठता येत नसे, म्हणून थांबत थांबत जावे लागे. १९६० साली बोइंग ७०७ ही जेट विमाने आली, आणि त्याच वर्षी १४ मे रोजी एअर इंडियाची सेवा लंडनमार्गे न्यूयॉर्कपर्यंत पोचली. पुढे इंजिने अधिक भरवशाची झाली, इंधन कमी खाऊ लागली, आणि सबंध पल्ला न थांबता पार करणे शक्य झाले. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईहून न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाला थेट विमान सुरू केले.

एक गोष्ट मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. १९६० च्या जेट विमानाचा वेग आणि आजच्या विमानाचा वेग यांत फारसा फरक नाही. साठ वर्षांत विमान वेगवान झाले नाही. त्याचा दम वाढला. मधले थांबे गेले म्हणून वेळ वाचला.

माझी वजाबाकी कुठे चुकली ?

आता तिकिटावरच्या दोन आणि सात या आकड्यांकडे येऊ. तिकिटावर प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. सुटण्याची मुंबईची, पोचण्याची न्यूयॉर्कची. मी एका घड्याळातून दुसरे घड्याळ वजा केले. क्विंटलमधून लिटर वजा करावेत तसा तो प्रकार झाला.

पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते. म्हणजे तासाला १५ अंश, आणि एका अंशाला चार मिनिटे. आपले बाळापूर मुंबईच्या पूर्वेला सुमारे साडेचार अंश आहे, म्हणून आपल्याकडे सूर्य मुंबईच्या आधी सतरा-अठरा मिनिटे माथ्यावर येतो. पण गावोगाव निराळी घड्याळे ठेवली तर आगगाड्यांचे वेळापत्रक करता येणार नाही, म्हणून सबंध देशाने ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ प्रमाण मानली. मुंबईत जुन्या काळी 'मुंबई टाइम' म्हणून निराळी वेळ पाळली जाई. ती प्रमाणवेळेपेक्षा ३९ मिनिटे मागे असे.

मुंबई ७२.९ अंश पूर्वेला, न्यूयॉर्क ७३.८ अंश पश्चिमेला. दोहोंमध्ये सुमारे १४६.७ अंश. चारने गुणले की ५८७ मिनिटे, म्हणजे पावणेदहा तासांच्या थोडे वर. हा झाला सूर्याचा फरक. घड्याळाचा फरक हिवाळ्यात साडेदहा तास आणि उन्हाळ्यात साडेनऊ तास असतो, कारण अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे आणतात. आपण मात्र वर्षभर एकच वेळ ठेवतो.

आता हिशोब सोपा आहे. दोन्ही वेळा एकाच घड्याळात आणायच्या आणि मगच वजाबाकी करायची. न्यूयॉर्कची सकाळी सातची वेळ हिवाळ्यात भारतात संध्याकाळी साडेपाचची. रात्री दोन ते संध्याकाळी साडेपाच, म्हणजे साडेपंधरा तास. मी सांगितले होते पाच.

परतीच्या वेळी हीच चूक उलट्या बाजूने होते. समजा विमान न्यूयॉर्कहून दुपारी बाराला सुटले आणि मुंबईला दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला पोचले. नुसती घड्याळे पाहिली तर साडेचोवीस तास दिसतात. पण न्यूयॉर्कची दुपारचे बारा म्हणजे आपली रात्रीचे साडेदहा, आणि तिथून दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबारापर्यंत चौदाच तास. जाताना दहा-साडेदहा तास हाती आल्यासारखे वाटतात आणि येताना गेल्यासारखे. खरे पाहता मिळतही काही नाही आणि जातही काही नाही.

चव्वेचाळीस तास

त्या दिवशी सकाळी दादाचा जो फोन आला होता त्याचा अर्थही आता उलगडतो. तो म्हणाला होता, "उद्या दुपारी बाराचं विमान मिळालंय." आम्ही समजलो, आपला उद्या. पण आपल्याकडे पहाटेचे पाच वाजले होते तेव्हा त्याच्याकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ, साडेसहाचा सुमार होता. त्याचा 'उद्या' म्हणजे आमचा 'आज' होता. माणसे रडत असताना असे शब्द कोण तपासणार ?

मी नंतर तो सगळा प्रवास कागदावर मांडला. निरोप पोचल्यापासून विमान सुटेपर्यंत साडेसतरा तास. त्यात तिकीट मिळवणे, घरून विमानतळावर जाणे आणि उड्डाणाच्या तीन तास आधी हजर राहणे हे सर्व आले. हवेत चौदा तास. मुंबईत उतरून पारपत्र तपासणी, सामान यांत दीड तास. आणि मुंबईहून गाडीने रात्रीअपरात्री नांदेड, अर्धापूर, वारंगा फाटा करीत बाळापूरला यायला अकरा तास. एकूण चव्वेचाळीस. पहाटे पाचला निघालेला निरोप तिसऱ्या दिवशी रात्री एकच्या सुमाराला माणूस घेऊन आला.

या चव्वेचाळीस तासांपैकी आकाशातले फक्त चौदा. उरलेले तीस जमिनीवरचे. साडेबारा हजार किलोमीटरला चौदा तास आणि शेवटच्या सहाशेला अकरा! शास्त्रज्ञांनी समुद्र आटोक्यात आणले, पण गावापर्यंतचा शेवटचा टप्पा अजून तसाच लांब आहे. नांदेडला विमानतळ आहे, पण आपल्याला हव्या त्या वेळी मुंबईला जोडून विमान मिळेलच असे नसते. खेड्यातल्या माणसाने विमानाचा वेळ विचारताना हा टप्पा विसरून चालत नाही.

तेव्हा मित्रमैत्रिणींनो, आपल्यापैकी कुणाचे भाऊबहीण दूरदेशी जात असतील, आणि आता जवळजवळ प्रत्येक गल्लीतून कुणी ना कुणी जाऊ लागले आहे, तर तिकीट हाती आल्यावर एका कागदावर चार गोष्टी लिहून घरात लावून ठेवाव्यात : हवेतले खरे तास किती, दोन घड्याळांतला फरक किती, उन्हाळ्यात किती आणि हिवाळ्यात किती, वाटेत थांबा किती तासांचा, आणि विमानतळापासून घरापर्यंत किती वेळ. यांतला घड्याळांचा फरक सोडून उरलेल्या तिहींची बेरीज म्हणजे खरा प्रवास. बेरीज माहीत असली म्हणजे जवळचे माणूस लवकर येते असे नाही. पण त्याची वाट किती वेळ पाहायची हे तरी घरच्यांना ठरवता येते. त्या दिवशी आमच्या गल्लीला ते ठरवता आले नाही.

मी असा कागद काकूंच्या घरी लावला आहे. पृथ्वीगोलही एक दिवस सरांच्या परवानगीने नेऊन दाखवला आणि दोरा त्यांच्याच हाती दिला. त्यांनी तो ताणून पाहिला आणि म्हणाल्या, "एवढुसाच तर हाय." मग जरा थांबून, "पर लय लांब हाय." दोन्ही खरेच होते. आता त्या फोन लावण्यापूर्वी मला विचारत नाहीत. बोटांवर साडेदहा मोजून स्वतःच लावतात. मार्च उजाडला की एक घंटा कमी धरायचा, एवढी आठवण मात्र दर वर्षी मला करून द्यावी लागेल.